उष्ट्या पाण्याचं आभाळ

कळंबच्या एसटी स्टँडवर गेल्या आठवड्यात एका सकाळी चार-पाच मुली उभ्या होत्या. काखेत ड्रॉइंग बोर्ड, बोर्डाला लावलेल्या क्लिपा, आणि प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. काठोकाठ भरलेली. त्यातली एक जण ते पाणी चपलेवर ओतून चिखल धूत होती. मी पलीकडं एका गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. मला एकदम राग आला. त्या पोरीला बोललो असतो तर ती बिचारी घाबरली असती, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. मग ध्यानात आलं, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दिवस आले.

हे दिवस मला कॅलेंडर न बघता कळतात. सोयाबीनची पानं गळून नुसत्या शेंगा उभ्या राहतात. रानातून येणाऱ्या वाऱ्याला वाळलेल्या पाल्याचा वास असतो. तुळजापूरच्या रस्त्यानं अनवाणी माणसं चालताना दिसायला लागतात, आणि स्टेशनरीच्या दुकानात सहा नंबरचा ब्रश संपलेला असतो. यंदा मात्र पाऊस हटायला तयार नाही. शेंगांना झाडावरच कोंब फुटलेत. जुने ट्रॅक्टर घेणं आणि विकणं हा माझा धंदा. शेडमध्ये ओळीनं उभे असलेले ट्रॅक्टर पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलेत, मीही त्यांच्याबरोबर. रिकाम्या बसलेल्या मला दोनच गोष्टी सुचतात, भांडण नाहीतर चित्र. या पावसात भांडायला कुणी फिरकत नाही.

माझी मुलगी रेणू पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना टॅब घरी ठेवून गेली. मी जलरंगात चित्रं काढतो आणि निम्मे कागद फाडतो, हे तिला लहानपणापासून माहीत. चांगला कागद महाग, आणि जलरंग असा की एकदा लागला की लागला. ती म्हणाली, "पप्पा, आधी याच्यावर काढून बघा. रंग कुठले, उजेड कुठला, पांढरं कुठं सोडायचं, सगळं ठरवा. मग कागदाला हात लावा. घरातली भांडी तरी शांत राहतील." मी रागात ब्रश फेकतो ते भांड्यांच्या रॅककडं फेकतो, म्हणून हे.

सुरुवातीला मला ते पटलं नाही. काचेवर कसलं चित्र? पण नंतर लक्षात आलं, मी आयुष्यभर हेच करत आलोय. ट्रॅक्टरच्या सौद्याला जाण्याआधी सगळा सौदा मी घरी करून बघतो. समोरचा काय बोलेल, मी कधी उठून चालायला लागेन, तो कुठल्या पायरीवर परत बोलवेल. जागेवर गेल्यावर जे होतं ते घरी एकदा होऊन गेलेलं असतं. टॅबवर तसंच. आधी नुसती रेघ. मग सगळं चित्र काळ्या-करड्यात बघायचं, म्हणजे गडद कुठं आणि फिकं कुठं ते कळतं. मग एकावर एक रंगाचे थर. नको तो थर डोळा मिटल्यासारखा झाकून ठेवता येतो. वाळायची वाट बघायची नाही, ब्रश धुवायचा नाही. आणि चुकलं तर रेणूनं शिकवलेली खूण: काचेवर दोन बोटं टेकवायची. मागचं एक पाऊल पुसलं जातं. पुन्हा दोन बोटं, अजून एक पाऊल.

दोन बोटं. पहिल्यांदा टेकवली तेव्हा मला आमच्या आबांचा हात आठवला.

आबा शेळ्या राखायचे आणि बाजारात विकायचे. आमच्याकडच्या काळ्याभोर शेळ्या, उन्हात पाठीवर निळी झाक मारणाऱ्या. शेळीचा भाव तोंडानं कधी बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातात हात द्यायचे आणि वरून दस्ती टाकायची. दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. दस्तीखाली बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. वरून दोघांचे चेहरे कोरे. भोवतीचे दलाल माना उंचावून बघायचे, त्यांना नुसतं फडकं हललेलं दिसायचं. एकदा धरलेलं बोट मागं घेता येत नसे. जास्तीचं मागता येई. आणि सौदा पटल्याशिवाय हात सोडायचा नाही, हा रिवाज. अर्धा अर्धा तास माणसं हात धरून बसलेली मी बघितली आहेत. हात सुटला की झालं, पटलं.

तर या पावसात मी टॅबवर काढत होतो तो शेळ्यांचा बाजार. मधे दोन माणसं, त्यांच्या हातांवर दस्ती, कडेनं शेळ्या, वर सगळं आभाळ. हे चित्र मी पूर्वी एकदा काढलेलं आहे, शाळेत असताना. माणसं जमली, शेळ्या जमल्या. आभाळ काही केल्या जमेना. निळं केलं, पुसलं. करडं केलं, पुसलं. फोटोतला रंग उचलून लावला, तो सहलीच्या जाहिरातीसारखा दिसायला लागला. दोन बोटं टेकवून टेकवून काच गुळगुळीत झाली. टॅबमध्ये रंग लाखो आहेत म्हणतात. असतील. मला पाहिजे तो एक नव्हता.

तो रंग मी ते चित्र काढलं त्या वर्षीचा होता. आमच्या बेंबळीत त्या वर्षी पाऊस झालाच नाही. ढग यायचे, माळावर सावली टाकायचे आणि पुढं निघून जायचे. विहिरीत तळाचे दगड दिसायला लागले. नवरात्र तोंडावर आलं तरी गावात टँकर चालू होता, आणि टँकर आला की त्याच्यामागं धुळीचा लोट अर्धा तास उभा राहायचा. घागरींचा आवाज, बायकांची भांडणं, आणि त्या सगळ्यावर ते आभाळ. निळं नाही, ढगाळही नाही. कुणीतरी आधी वापरून ठेवल्यासारखं.

आणि त्या वर्षी मी इंटरमिजिएट ग्रेडला बसलो होतो. जलरंगाच्या परीक्षेला, पाणी नसलेल्या गावातून.

आमचे चित्रकलेचे काशीद सर उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला कायम रंगाचे डाग. शाळेचा रांजण फक्त पिण्यासाठी होता. रंगाला पाणी मागितलं की शिपाई रांजणाच्या आडवा उभा राहायचा. "पोरं तहानल्याली हायती आन तुमी आभाळ धुवायलाव व्हय सर?" सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच्या घरून पाणी आणून आम्हाला रोज एकेक वाटी ठरवून दिली. एका चित्राला एक वाटी, बदलायची नाही.

मग त्यांनी आम्हाला शिकवलं ते मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांनी कोरा कागद घेऊन बसायचं. ब्रश कोरडा. कोरड्या ब्रशानं कागदावर सगळं चित्र रंगवायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडानं रंग बोलत. "इथं फिकं पिवळं... इथं गेरू... इथं सोडलं... इथं झाडाची सावली." कागद कोराच राहायचा. सर मागून फिरायचे आणि डोक्यात टपली मारून विचारायचे, "ए, मगाशी छप्पर पांढरं सोडलं होतंस ना? आता त्याच्यावरनं सावली कशी ओढायलास?" न काढलेल्या चित्रातली चूक त्यांना दिसायची. "आधी डोळ्यानं रंगवा," ते म्हणायचे. "डोळ्याला पाणी लागत नाही."

त्यानंतर खरा रंग. त्यालाही क्रम होता. पहिलं पाणी आभाळाला, कारण तेव्हा वाटी स्वच्छ असते. मग पिवळे, मग मातीचे रंग, मग हिरवा, तांबडा. काळपट सगळ्यात शेवटी. ब्रश फडक्यावर पुसूनच वाटीत घालायचा. तरी पाणी हळूहळू गढूळ व्हायचं. त्या गढूळ पाण्याला सर 'उष्टं पाणी' म्हणायचे. एका रंगानं पिऊन टाकलेलं. "उष्ट्या पाण्यानं आभाळ काढू नये," हे वाक्य आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. वर्गात कुणी दुसऱ्याची लिमलेटची गोळी चोखली तरी ओरडायचो, उष्टं पाणी, उष्टं पाणी.

आता रेणू टॅबवर 'प्लॅनिंग' म्हणते तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडं ते होतं. त्याला चार्जिंग लागत नव्हतं, टँकर न येणं पुरेसं होतं.

परीक्षेच्या आधी सर एकदा आमच्या घरी आले. आबांना समजावायला. पोराचा हात चांगला आहे, ए ग्रेड आली तर चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला पाठवा, म्हणाले. आबा दाव्याला पीळ देत बसले होते.

"ते ए-बी आपल्याला कळत न्हाय सर. बोटांत सांगा."

"सी म्हणजे एक बोट. बी दोन. ए तीन."

"तीनच्या वर?"

"वर काही नाही."

आबांनी सरांचा हात ओढून घेतला, वरून दस्ती टाकली, आणि माझ्याकडं बघत बराच वेळ खाली काहीतरी चाललं. मग हात सोडला. "पटलं," आबा म्हणाले. "तीन आली तर म्या शेरडं इकून धाडतो त्येला. कमी आली तर पोरगं माझ्या मागं माळावर." मी दाराशी उभा होतो. माझ्या आयुष्याचा भाव माझ्यासमोर ठरला आणि मला दिसलं ते नुसतं फडकं.

परीक्षेचं केंद्र जिल्ह्याच्या गावी, आताच्या धाराशिवला. तिथल्या शाळेतही पाणी नाही हे आधी कळलं होतं. सरांनी घरचा तेलाचा कॅन राखेनं घासून घासून धुतला आणि आमच्या सगळ्यांपुरतं पाणी भरून घेतलं. नवरात्राचे दिवस, एसट्या सगळ्या तुळजापूरला लावलेल्या. आम्हाला मिळाली तीही यात्रेकरूंनी गच्च भरलेली. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मळवट, दर दोन मिनिटांनी कुणीतरी "आई राजा" म्हणायचं आणि अख्खी बस "उदो उदो" ओरडायची. सर दोन सीटांच्या मधे उभे, कॅन छातीशी धरलेला, लेकरू धरावं तसा.

एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कसलं पाणी म्हणावं हे, मास्तर? येवढं जपायलाव ते. तीर्थ हाय का काय?"

सरांना विनोद करायची खोड होती. ते म्हणाले, "व्हय आजी. सरस्वतीचं तीर्थ आहे."

आम्ही पोरं हसलो. म्हातारी हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

आता काय करणार? त्या ओंजळीपुढं "मी गंमत केली" म्हणायला दगडाचा माणूस पाहिजे. सरांनी कॅन वाकडा करून थोडं पाणी दिलं. ते पाहून शेजारच्या बाईनं हात पुढं केला, मग मागच्या सीटनं, मग दारातल्या माणसानं. कुणी प्यालं, कुणी डोळ्याला लावलं, कुणी लेकराच्या डोक्यावर शिंपडलं. "सरस्वतीचं हाय, पोराला लावा, पास हुईल." कंडक्टरनंही तिकिटाची पेटी काखेत मारून तळवा पुढं केला. आम्ही बघत होतो आणि आमचं आभाळ तळव्या-तळव्यानं चाललं होतं. उतरलो तेव्हा कॅन हलवला की पोकळ वाजत होता.

सकाळचा पेपर निभावला, माझ्या वाटीतलं पाणी त्यातच संपलं. दुपारचा स्मरणचित्राचा. विषयांत 'बाजाराचा देखावा' होता आणि मला तो बघून हातपाय हलके झाल्यासारखं वाटलं. हेच चित्र मी ओट्यावर कोरड्या ब्रशानं किती वेळा काढलं होतं. सर पेपर सुरू व्हायच्या आधी कॅन घेऊन बाकाबाकाशी फिरत होते. आमच्या गावच्या आडत्याचा मुलगा शिरीष माझ्या पुढच्या बाकावर. त्याची सकाळची वाटी सरांनी उचलून बाजूला ठेवली, त्याच्या दुसऱ्या वाटीत कॅन उपडा केला. कॅनमधलं शेवटचं स्वच्छ पाणी. मग बाजूला ठेवलेली त्याची सकाळची वाटी माझ्यासमोर ठेवली. त्यात निळा, तपकिरी, कसला कसला रंग मिसळून गेलेला.

"सर, हे उष्टं आहे."

"चालव," ते हळू आवाजात म्हणाले, आणि पुढं गेले.

शिरीषचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. मला जे कळायचं ते तेव्हाच कळलं, आणि ते मी पक्कं धरून ठेवलं.

पहिलं पाणी आभाळाला. मी उष्टं पाणी आभाळाला लावलं. दुसरं होतंच काय? माणसं रागानं काढली, शेळ्या रागानं काढल्या. निकाल लागला तेव्हा आबांनी कागद हातात घेतला नाही. "बोटं दाव," म्हणाले. मी एक बोट वर केलं. त्यांनी काठी माझ्याकडं दिली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं.

पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर केलं. शेळ्यांमागून बाजारात, बाजारातून मोटारींच्या दलालीत, तिथून या शेडपर्यंत. लोक म्हणतात, बिभीषणशेटशी भाव करायला जाताना जेवून जावं. शिरीषला त्या परीक्षेत ए आली. त्यानं त्या ए चं काही केलं नाही, आडतीवर बसतो. दर दिवाळीला मला आठवणीनं फोन करतो, घरच्या सगळ्यांची नावानिशी चौकशी करतो. चांगला माणूस आहे. तेच मला सहन होत नाही.

टॅबवरचं आभाळ जमेना तेव्हा मी एका दुपारी गाडी काढली आणि बेंबळीला गेलो. कशासाठी, हे घाटातून उतरेपर्यंत मला सांगता आलं नसतं. सर घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आता थकलेत. मला बघायला त्यांनी मान वळवली ती भलतीकडंच, भिंतीकडं.

"सर, मी बिभीषण."

"आवाजावरनं कळलं. अजून भांडायला आल्यासारखाच 'सर' म्हणतोस."

काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी सांगितलं. सरांना समोरचं दिसत नाही. मधोमध धुकं आहे, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ते माणूस बघायला दुसरीकडं बघतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय की धुकं कडेपर्यंत पसरत जाणार. "आता आठवड्याला फरक पडायलाय," काकू म्हणाल्या, आणि पदरानं कप पुसत राहिल्या.

मी टॅब काढून सरांच्या पुढं धरला. त्यांनी मान तिरकी केली, डावीकडं, उजवीकडं.

"आरसा आणलास का रे? नुसता उजेड माराय लागलाय डोळ्यावर."

"चित्र आहे सर. बाजाराचं. ते परीक्षेतलं."

"यातलं मला काही दिसत नाही. कागदावर आण. उन्हात धरून कडेनं बघेन."

आणि मग ते माझ्या तोंडातून निघून गेलं. "सर, त्या दिवशी मला उष्टं पाणी कामून दिलं?"

काकूंचा हात थांबला. सर पावसाकडं तोंड करून बसले, म्हणजे माझ्याकडं बघत असावेत.

"शिरीषला ते दिलं असतं तर तो रडत बसला असता. कागद कोरा दिला असता त्यानं. तू चिडशील आणि चिडून का होईना काढशील, हे मला माहीत होतं. ज्याला जमणार त्याला दिलं."

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझं डोकं फिरलं. ज्याला जमतं त्यालाच कमी द्यायचं, हा कुठला न्याय? घरात जो पोरगा गुमान राबतो त्याच्याच वाट्याला खडकाळ रान येतं. माझं आख्खं आयुष्य मला कुणी ना कुणी 'तू चालव' म्हणून उष्टी वाटी पुढं केलीय. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं.

सरांनी ऐकून घेतलं. "झालं?"

"नाही झालं. चुकलं म्हणा."

"बसमधलं चुकलं. तीर्थ म्हणालो ते चुकलंच माझं. वाटीचं चुकलं नाही."

"अर्धं चालणार नाही."

"मग चित्र आण आधी."

"आधी म्हणा, मग चित्र."

"माल दाखवायच्या आधी इसार मागतोस होय रे? आबाचा शोभतोस खरा." सर हसले. "आण. ग्रेड मी देतो. एक, दोन का तीन. आबासारखी, दस्तीखाली. वाटीचं काय सांगायचंय तेही तिथंच सांगेन. पण लवकर आण बिभ्या. हे धुकं घासाघीस करत नाही."

"तुमी दोघांनी शाळा सोडून बाजारात बसायला पायजे होतं," काकू म्हणाल्या.

घरी आलो आणि कागद ताणून बसवला. टॅब शेजारी उभा केला. त्यावरून रेघ उतरवली, पांढरं कुठं सोडायचं ते नक्की केलं. दस्ती सोडायची. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा ठेवायचा, भोवतीनं रंगवत न्यायचं. टॅबवर मी दस्तीला सावल्या दिल्या होत्या, घड्या काढल्या होत्या. कागदावर ठरवलं, तिला हातच लावायचा नाही.

पण आभाळ. काचेच्या दोन मोठ्या बरण्या, दोन्हीत फिल्टरचं स्वच्छ पाणी. बाहेर पन्हाळीतून बदाबदा पडतंय. इतकं पाणी, आणि हात पुढं जाईना. एका तुकड्यावर टॅबमधला रंग जुळवून लावून बघितला. वाळल्यावर फिका आणि गोड. दुसऱ्या तुकड्यावर शेळ्यांचा काळा, तांबड्या मातीचा रंग बघितला, तो बरा होता. पुन्हा आभाळ, पुन्हा गोड. सरांचं तिरकं बघणं डोळ्यापुढून जाईना. तिथं माणसाची नजर आठवड्या-आठवड्यानं चाललीय आणि इथं मी निळ्यात खेळतोय. मी ब्रश बरणीत आपटला. बायको आतून म्हणाली, "भांड्यांकडं नको."

बरणीतलं पाणी उसळून त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर सांडलं. निळा, माती, शेळ्यांचा काळा, सगळं धुऊन झालेलं पाणी. पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही, तसंच टाकून शेडमध्ये चक्कर मारून आलो.

आलो तेव्हा ते वाळलं होतं. आणि कोपऱ्यात ते आभाळ होतं. टँकर गेल्यानंतरचं, ढग पाऊस न देता गेल्यानंतरचं. कुणीतरी आधी वापरून ठेवलेलं.

परीक्षेतल्या कागदावर मी हाच रंग लावला होता. मी समजत होतो की उष्ट्या पाण्यानं माझं आभाळ नासलं. त्या वर्षी बेंबळीवर तेच आभाळ होतं. मी खरं काढलं होतं आणि खऱ्याला सी मिळाली. शिरीषचं निळंशार आभाळ त्या वर्षी जिल्ह्यात कुठंच नव्हतं. म्हणून ती वाटी मी माफ केली असं कुणी समजू नये. पण टॅबच्या लाखो रंगांत तो का सापडत नव्हता ते मला कळलं. टॅबमध्ये पाणी उष्टं होत नाही. तिथं प्रत्येक रंग पहिलाच असतो. मागचं काही त्याच्यात उतरत नाही.

टॅब बंद केला. त्याच बरणीतलं पाणी घेतलं, मोठा ब्रश भरला आणि एका दमात वरून खाली ओढत आणलं. दस्तीशी येऊन थांबलो.

परवा थोडं ऊन पडलं. कागद दोन फळ्यांत बांधून बेंबळीला नेला. सर ओट्याच्या उन्हाच्या कडेला उभे राहिले. कागद नाकाशी धरला, मग दूर, मग मान पार वळवून खांद्यावरून बघावं तसं. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी परीक्षेतल्यासारखा उभा. काकू दारात.

"हे पाणी..." ते म्हणाले. बोटानं कागदाची कड चाचपली. मग, "टँकर येऊन गेलाय आत्ता. धूळ बसली नाही अजून."

"होय सर."

कागद अजून थोडा सरकला. "शेळ्यांना पेटीतला काळा वापरलास. आळशी. मी काय शिकवलं होतं?"

"निळा आणि तांबडा मिसळून."

"मग?" ते आणखी तिरके झाले. "आणि हे मधे काय? इथं मला काहीच दिसत नाही. माझं धुकं आहे का तू सोडलंस?"

"दस्ती आहे सर. कोरी सोडली."

"खाली काय ठरलंय?"

"ते वरून बघणाऱ्याला कळत नसतंय."

ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मग खुर्चीत बसले, हात पुढं केला. "आण गं दस्ती," काकूंना म्हणाले. काकूंनी दोरीवरचा टॉवेल आणून आमच्या हातांवर टाकला.

सरांचा हात नुसती हाडं. त्यांनी माझी दोन बोटं धरली. बी. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांनी माझ्या पलीकडं तुळशीकडं बघितलं, म्हणजे माझ्याकडंच. काळ्या रंगाचे मार्क कापले असणार, ते बरोबर होतं. पण मी हात सोडला नाही. पटल्याशिवाय सोडायचा नसतो. वरून पन्हाळीचं उरलेलं पाणी ठिबकत होतं. काकूंनी विचारलं, "काय चाललंय आत?"

सर बसून राहिले, मी बसून राहिलो. मग टॉवेल थोडा हलला. त्यांच्या मुठीत माझं तिसरं बोट गेलं, आणि त्यांनी ते दाबून धरलं. ग्रेड देताना दाबतात त्यापेक्षा जास्त जोरानं, जास्त वेळ. ते बोट चित्राचं नव्हतं. ते वाटीचं होतं.

मी हात सोडला.